शिळ्या भाकरीचा सातवा अध्याय

छबूवहिनींना लिहिता-वाचता येत नाही. मला येतं, आणि त्यांचं जे नुकसान झालं ते एवढ्या एकाच कारणाने झालं.

छबूवहिनींचं घर आमच्या गल्लीत, माझ्या घरापासून चौथं. वय सत्तरच्या आसपास, उंची जेमतेम, पण आवाज दोन वावरांपलीकडे पोचणारा. चाळीस वर्षं त्यांनी कांदा लागवडीची टोळी चालवली. पंधरा-वीस बाया टेम्पोत घालून त्या सकाळी निघत आणि नेवाशापासून थेट शेवगावपर्यंत ज्याचं बोलावणं असेल त्याच्या रानात जात. जवळ वही नाही की कागद नाही. तरी कोणत्या साली कोणाच्या वाफ्यावर कोण बाई कोणाशेजारी बसून रोप लावत होती, हे त्या आजही सांगतात. एकदा मी मुद्दाम परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, "वहिनी, आमच्या खालच्या मळ्यात तुम्ही पहिल्यांदा कांदा कधी लावला?"

"भूकंप झाला त्या साली," त्या म्हणाल्या. "तुमी बांधावर छत्री घेऊन हुभे हुते. पाऊस न्हाई, काय न्हाई. समद्या बाया तोंडाला पदर लावून हसत हुत्या."

मी घरी जाऊन जुनी डायरी काढली. साल बरोबर होतं. छत्रीबद्दल डायरीत एक अक्षर नव्हतं, पण वाचता वाचता ती मला आठवली आणि मी डायरी मिटून ठेवली.

आता माझ्याबद्दल. मला गावात राधाकृष्ण गुरुजी म्हणतात. हायस्कुलात बत्तीस वर्षं मी इतिहास शिकवला. म्हणजे मी शिकवला असं माझं म्हणणं आहे, मुलांचं वेगळं आहे. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर गुडघे सांभाळत बसतात, मी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला 'सामाजिक स्मृती आणि धार्मिक ग्रंथांची ऐतिहासिक विश्वासार्हता'. हे नाव मी घरात उच्चारलं की बायको उठून दुसऱ्या खोलीत जायची. माझ्या मार्गदर्शक अल्मास मॅडम नगरला कॉलेजात शिकवतात, वय चौतीस, माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान. पहिल्याच भेटीत सामाजिक स्मृती म्हणजे काय हे मी त्यांना चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सर, माणसं भूतकाळ जसा घडला तसा लक्षात ठेवत नाहीत. आज त्यांना जसा हवा असतो तसा ठेवतात. असंच ना?"

चाळीस मिनिटांचा माल एका श्वासात संपल्यामुळे मी जरा खट्टू झालो.

"मग लांबचे ग्रंथ कशाला घेता?" त्या म्हणाल्या. "तुमच्या गावाची पोथी आहे म्हणालात. तीच घ्या."

आमच्या गावात घोंगडेबाबांची समाधी आहे. संवत छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, अंगावर एक घोंगडं पांघरून ते प्रवरेच्या काठाकाठाने चालत आले आणि इथेच राहिले. एवढ्यावर गावात दुमत नाही. त्यापुढचं सगळं 'श्री घोंगडेबाबा माहात्म्य' या नऊ अध्यायांच्या ओवीबद्ध पोथीत आहे. चैत्रात यात्रा असते, तिच्या आधी सात दिवस या पोथीचं पारायण होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना ती तोंडपाठ आहे. लग्नपत्रिकेवर तिच्यातल्या ओव्या छापतात, एका पठ्ठ्याने तर ट्रॉलीच्या मागच्या फळीवर रंगवून घेतली आहे.

ही पोथी मी लिहिली आहे. एकोणीसशे ब्याण्णव साली, दिवाळीच्या सुट्टीत, आणि थोडीफार परीक्षेच्या वर्गावर देखरेख करता करता. मुलं त्या वर्षी कॉपी करून चांगली पास झाली.

मॅडमना हे मी लगेच सांगितलं नाही. पोथी देऊन आलो. पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावलं.

"सर, दुसऱ्या अध्यायात लिहिलंय की गावात धान्याचा कण उरला नव्हता, माणसं पाला उकडून खात होती. आणि सातव्या अध्यायात, त्याच वर्षी, रामजींच्या घरी बाबांना पुरणपोळी वाढली. वर तूपही आहे. एवढी डाळ आणि गूळ आला कुठून?"

रामजी म्हणजे माझे पणजोबा.

"मॅडम," मी आवाज जड करून म्हणालो, "ही हकीकत आमच्या घरात परंपरेने चालत आलेली आहे. माझ्या आजीने मला मांडीवर घेऊन सांगितल्याचं मला स्पष्ट आठवतं. तिचं हिरवं लुगडंसुद्धा आठवतं."

"आजी कधी वारल्या?"

"मी दीड वर्षाचा असताना," मी म्हणालो, आणि आपण काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोथी मिटली आणि म्हणाल्या, "आपल्या या अभ्यासात एक कसोटी वापरतात. सांगणाऱ्याला ज्याची लाज वाटेल अशी गोष्ट सहसा कोणी रचून सांगत नाही. म्हणून तशी गोष्ट सापडली तर ती खरी असण्याची शक्यता जास्त. तुमच्या पोथीत कोणाला लाज वाटावी असं एकही पान नाही, सर. मला त्याचीच शंका येते."

घरी आलो आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पोथी लिहिण्याआधी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन माहिती जमवली होती, ती वही तिच्यात होती. मधल्या एका पानावर माझ्याच वळणदार निळ्या अक्षरात मथळा होता: 'आक्काबाई, वय अंदाजे पंचाहत्तर'. आक्काबाई म्हणजे छबूवहिनींच्या सासू. त्या पानावर लाल शाईच्या दोन आडव्यातिडव्या रेघा होत्या. पेपर तपासायचं पेन तेच. आणि समासात शेरा होता: 'अविश्वसनीय. सांगणारी निरक्षर.'

आक्काबाईंनी सांगितलं होतं ते असं. बाबा गावात आले ते भर दुपारी. सगळ्यात आधी ते रामजीच्या दारात उभे राहिले, कारण पेवात ज्वारी शिल्लक असलेलं गावात तेवढं एकच घर होतं. रामजी बाहेर आला, "घरात काही नाही, पुढे व्हा," म्हणाला आणि त्याने दाराला कडी लावली. बाबा पुढे गेले. चौथ्या घरात ठकाबाई नावाची तरणी विधवा होती. तिच्याकडे आदल्या दिवशीची अर्धी भाकरी होती, ती तिने पोरासाठी झाकून ठेवली होती. ती तिने बाबांच्या हातावर ठेवली. म्हणून यात्रेला बाबांना नैवेद्य शिळ्या भाकरीचा आणि तो ठकाबाईच्या घरचा. पालखीने तिच्या दारात थांबायचं, भाकरी घ्यायची आणि देवळात न्यायची. ही ठकाबाई आक्काबाईंची आजेसासू.

पुढे पान कोरं होतं. आक्काबाई तेव्हा अजून सांगतच होत्या, पण मला तेवढं पुष्कळ झालं होतं. पणजोबांना कडी लावायला लावणाऱ्या म्हातारीचा मला असा राग आला की पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठलो होतो.

मग मी काय केलं? माझ्याकडे पुरावा होता. यात्रेचा पहिला प्रसाद पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरी येतो. नैवेद्य झाला की पुजारी देवळातून निघतो, आधी आमच्या उंबऱ्यावर प्रसाद ठेवतो आणि मगच गावाला वाटतो. लहानपणी मी या गोष्टीवरून शाळेत भाव खाल्लेला आहे. तर मी असा तर्क लढवला की ज्या घराला पहिला प्रसाद, त्याच घरी बाबा जेवले असणार. तेव्हा मी नुकताच इतिहासात एम.ए. झालो होतो, त्यामुळे मला कोणी अडवू शकलं नाही. नेवाशाच्या एसटीत, उभ्या उभ्या मला ओवी सुचली:

मध्यान्हकाळी बाबा आले । रामजीसदनी स्वये बैसले ।
पुरणपोळीने तृप्त जाहले । आशीर्वच दिधले कुळासी ॥

शिळ्या भाकरीची सोय लावायची राहिली होती. ती बाबा वैराग्य शिकवण्यासाठी खात, असं आठव्या अध्यायात घालून टाकलं.

पोथी छापून आली आणि त्याच यात्रेपासून पालखी आमच्या दारात थांबायला लागली. कोणी ठराव केला नाही, भांडण झालं नाही. पोथीत तसं होतं, एवढंच. त्या वर्षी आक्काबाई फडक्यात भाकरी बांधून देवळापर्यंत गेल्या होत्या. "म्हातारे, पोथीत तसं न्हाई," असं कोणीतरी त्यांना सांगितलं आणि त्या परत आल्या. दोन वर्षांनी त्या गेल्या.

छबूवहिनी मात्र दरवर्षी यात्रेच्या आदल्या दिवशी ज्वारीची एक भाकरी थापतात आणि ताटलीत झाकून ठेवतात. पालखी गल्लीत आली की ताटली घेऊन उंबऱ्यात उभ्या राहतात. पालखी आमच्या दारातून पुरणपोळीचं ताट घेते आणि त्यांच्यासमोरून पुढे निघून जाते. मग त्या आत जातात आणि ती भाकरी स्वतः खातात. अशी एकतीस वर्षं झाली. पालखीबरोबर त्यांच्या दारावरून जाताना दरवर्षी मला नेमकी डोक्यावरचा फेटा नीट करायची आठवण होते.

या वर्षी देवस्थानाने नवा सभामंडप बांधला आणि सातवा अध्याय ग्रॅनाईटवर कोरून घ्यायचं ठरवलं. शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडेच आला. दोन दिवसांनी छबूवहिनी आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"भावजी, दगडावर कोरनार हायेत म्हनं."

"हो, तसं ठरलंय."

"कागद हुता तवर वाटायचं, लागंल कधीतरी वाळवी. दगडाला कशी लागायची?" त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "ह्या यात्रेनंतर मी चाललेय. माज्या पोरानं, ओंकारनं, चाकणला फ्लॅट घेतलाय, यात्रा झाली की न्यायला येनार हाय. गुडघे गेले, टोळी मोडली, एकलीनं ऱ्हाऊन काय करू? घराला कुलूप लागंल. त्याच्या आदी एक डाव पालखी माज्या दारात थांबली पायजे. एकच डाव. आक्काबाई मरताना मी तिला सबूद दिलाय."

"वहिनी, पण त्याला काही पुरावा..." मी सवयीने बोलून गेलो.

"ठकाबाईनं आक्काबाईला सांगितलं, आक्काबाईनं मला. मधी दोनच तोंडं हायेत, भावजी. तुमच्या पोथीत किती हायेत?"

माझ्या पोथीत एकही नव्हतं. मी म्हणालो, "बघतो." हा शब्द नोकरीत मी हजारो वेळा वापरला आहे आणि त्यानंतर कधीही काही बघितलेलं नाही. छबूवहिनी मान हलवून गेल्या. त्या जाताना एक एक पायरी थांबून उतरत होत्या, ते बघून मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी सूर्यभानकडे गेलो. सूर्यभान देवस्थानाचा अध्यक्ष आणि माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा.

"या गुरुजी. तपासला का मजकूर?"

"सूर्यभान, सातवा अध्याय चुकलाय."

"ऱ्हस्व-दीर्घ का?"

"सगळाच चुकलाय." मी वही उघडून त्याला पान वाचून दाखवलं, लाल शेऱ्यासकट. त्याने हात जोडून ऐकलं. मग म्हणाला, "गुरुजी, म्हातारी मानसं काय बी सांगत्यात. पोथीत बदल करायचा आधिकार आपल्याला हाय का?"

"अरे, ती पोथी मी लिहिली आहे!"

सूर्यभान उठला, देव्हाऱ्यातली पोथी घेऊन आला, तिला नमस्कार केला आणि पहिल्या पानावर बोट ठेवून त्याने वाचलं, "'ही अक्षरे बाबांनीच लिहविली, मी पामर केवळ निमित्तमात्र.' ह्ये कुनी लिवलंय?"

"मी."

"मंग पोथी कुनाची झाली? बाबांची. आता निमित्तानं मधीच तोंड घालावं का, तुमीच सांगा."

बत्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने ग्रंथाचा असा बारीक आधार देऊन मला गप्प केलं नव्हतं. प्रस्तावनेत नम्रपणाचं एखादं वाक्य असावं म्हणून मी ते घातलं होतं. त्यात माझा नम्रपणा काडीचा नव्हता. त्या संध्याकाळी सूर्यभानने माझ्या मुलाला फोन करून विचारलं की गुरुजींची शुगर अलीकडे तपासली आहे का. मजकुरातले दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मी कागद परत पाठवला, कारण माझ्याकडे तेवढंच काम होतं.

दुसरा उपाय पारायणाचा होता. सातवा अध्याय वाचायचा मान दरवर्षी माझा. मी नवी ओवी रचून पोथीत घडी घालून ठेवली:

मध्यान्हकाळी बाबा आले । रामजीने कवाड लाविले ।
ठकाबाईने तृप्त केले । शिळी भाकर देऊनी ॥

मांडव भरलेला होता. मी माईकपुढे बसलो, "मध्यान्हकाळी बाबा आले" म्हटलं आणि श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात तीनशे माणसांनी एका सुरात "रामजीसदनी स्वये बैसले" म्हटलं आणि ती पुढे गेलीसुद्धा. मी त्यांच्यावर आवाज चढवून कवाड लावलं. कोणी ऐकेना. मी पुन्हा लावलं. समोर बसलेल्या एका आजीबाईंना माझी दया आली. गुरुजींची ओळ चुकली असं समजून त्यांनी आपली पोथी माझ्यासमोर धरली आणि जागेवर बोट ठेवलं. पोथी उलटी होती. इतक्यात माझा आवाजच येईनासा झाला. माईकवाल्याने नंतर सांगितलं, "गुरुजी, तुमचा घसा बिघडल्याला दिसला, म्हनून बारीक केला."

छबूवहिनी मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "आवाज पोचला न्हाई, भावजी. टोळीवर आले असते तर शिकवला असता."

मी चिडून मॅडमना फोन केला. म्हटलं, ही पोथी मीच लिहिली आहे आणि तीच आता माझं ऐकत नाही. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही आता त्या पोथीचे लेखक राहिलेला नाहीत. फार तर एक पाठभेद आहात." मग त्यांनी विचारलं, "पोथी सोडून द्या. यात्रेत तुमच्या हातात दुसरं काय असतं?"

फोन ठेवून मी बराच वेळ विचार केला. पोथी बाबांची होती, मांडव सूर्यभानचा, माईक माईकवाल्याचा. माझ्या हातात माझं स्वतःचं दार होतं.

यात्रेच्या दिवशी बायको पहाटेपासून पुरणपोळ्या लाटत होती. पुरणात जायफळ-वेलदोडा सढळ हाताने पडला होता आणि वास पार पाराच्या वळणापर्यंत जात होता, असं नंतर कळलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने लाटण्याने माझा संशोधनप्रबंध पुरा केला असता. दुपारी बाराच्या सुमाराला ढोल जवळ आले. मी फेटा बांधून दारात उभा राहिलो.

आमच्याकडे पालखीचा एक नियम आहे. गल्लीत शिरलेली पालखी नैवेद्य घेतल्याशिवाय खाली टेकवत नाहीत, आणि ती आल्या वाटेने मागे फिरवत नाहीत. हा नियम पोथीत नाही, म्हणून तो सगळे पाळतात.

पालखी दारात आली. ढोल थांबले. सूर्यभान पुढे होऊन ताट घ्यायला हात पसरून उभा राहिला.

"घरात काही नाही," मी म्हणालो. "पुढे व्हा."

सूर्यभानने माझ्याकडे बघितलं, मग वास आला त्या दिशेला, म्हणजे माझ्या पाठीमागे बघितलं. "काय म्हनले?"

"घरात काही नाही. पुढे व्हा." दुसऱ्या वेळेला मी इतक्या जोरात म्हणालो की पालखीचे खांदेकरी दचकले. मी आत आलो, दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी लावली. मागे वळलो तर बायको पुरणपोळीचं भरलेलं ताट दोन्ही हातांत धरून उभी होती.

"तुम्हाला काय झालंय?"

"गप्प बस थोडा वेळ."

"दारात देव उभा आहे!"

"म्हणूनच तर," मी म्हणालो. दाराला पाठ लावून मी उभा राहिलो. बाहेरून सूर्यभान दार ठोठावत होता. "गुरुजी! आवो, पालखी हुबी हाय! खांदे भरून आले पोरांचे! गुरुजी!" मग तो कोणाला तरी म्हणाला, "मी शुगरचं सांगितलंच हुतं." माणसांचा गलका वाढला. कोणी म्हणे दार तोडा, कोणी म्हणे अपशकुन झाला. माझ्या मनात आलं, आपण म्हातारपणी गावाचं हसं केलं, आणि त्या बाईचं काम झालंच नाही.

तेवढ्यात तो आवाज आला. दोन वावरांपलीकडे पोचणारा.

"हिकडं आना! नैवेद्य तयार हाय!"

गलका थांबला. एक ढोल वाजला, मग सगळे वाजले. आवाज पुढे सरकायला लागला. मी दाराआडून घरं मोजत होतो. दुसरं झालं, तिसरं झालं, चौथ्यापाशी ढोल थांबले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग जयघोष झाला.

एकतीस वर्षांनी पालखी छबूवहिनींच्या दारात थांबली आणि ती जिच्यामुळे तिथे थांबायची बंद झाली होती त्या पोथीचा कर्ता त्या वेळी स्वतःच्या कडीकडे बघत उभा होता. छबूवहिनींनी भाकरी कशी दिली, त्यांचा चेहरा कसा होता, सूर्यभान काय म्हणाला, यातलं मी काहीही पाहिलं नाही. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी पाहिलं. बायको ताट घेऊन चुलीपाशी बसून राहिली.

तासाभराने दारावर थाप पडली. मला वाटलं सूर्यभान डॉक्टरला घेऊन आला. कडी काढली तर छबूवहिनी होत्या. हातात ताटली, ताटलीत भाकरीचा मोडलेला एक तुकडा.

"पुजाऱ्याला म्हनलं, आज मीच नेते. पयला परसाद."

"वहिनी, आता आम्हाला कशाला पहिला प्रसाद? मी तर दार लावून घेतलं."

"मंग? त्याच्यासाठीच तर हाय." गुडघ्यावर हात देत त्या उंबऱ्यावर बसल्या. "त्या दिवशी तुमी चहा ठिवून उठले. सासूबाईचं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं. ठकाबाईनं भाकर दिली ना, तर बाबांनी पयला घास मोडला आन् त्यो खाल्लाच न्हाई. ठकाबाईला परत दिला. म्हनले, ह्यो घास आदी त्या दार लावल्याल्या मानसाला नेऊन दे. त्यो म्हनला, त्याच्या घरात काय न्हाई."

मी ताटलीतल्या तुकड्याकडे बघितलं.

"ठकाबाई आली आन् हितंच, ह्या उंबऱ्यावर ठिवून गेली. तवापासून पयला परसाद तुमच्या घरी येतो."

चार पिढ्या आम्ही तो तुकडा दोन्ही हातांनी, मान वर करून घेतला होता. मी शाळेत त्याच्यावरून भाव खाल्ला होता. त्याच्याच आधारावर मी पोथी लिहिली होती. मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खाली बसलो.

"खावा," छबूवहिनी म्हणाल्या. "जरा चावून खावा, कालची हाय."

मी तो तुकडा खाल्ला. कडक होता. छबूवहिनी दुसरीकडे बघत होत्या. बायको कधी मागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताटातली एक पुरणपोळी छबूवहिनींच्या ताटलीत ठेवली आणि विचारलं, "उद्या निघालात का?"

"सकाळी येनार हाय ओंकार."

"मग पुढच्या वर्षी?"

छबूवहिनींनी कमरेची किल्ली काढली आणि बायकोच्या हातात दिली. "आदल्या दिशी एकच भाकर थापायची. पीठ जुनं नसावं. माज्या उंबऱ्यात हुभं ऱ्हायचं, पालखी येईस्तवर."

"राहीन," बायको म्हणाली.

त्या उठायला लागल्या. मी हात दिला, त्यांनी तो धरला. मी विचारलं, "आणि वहिनी, आमच्या या दाराचं काय करायचं?"

"दार दरसाल तुमीच लावायचं, भावजी," छबूवहिनी म्हणाल्या. "त्यो मान तुमच्याच घरचा हाय."